डाळीत खडा नव्हता

नाटकाला जावं की जाऊ नये, एवढंच मला विचारायचं होतं. हो किंवा नाही. एका शब्दाचं काम. पण देवळीत हा प्रश्न विचारून आता बरेच दिवस झाले, उत्तर मिळालेलं नाही, आणि मधल्या काळात एक भिशी, एक व्हॉट्सॲप ग्रुप आणि दोन साडूंचं बोलणं बंद पडलं आहे.

नाटकाचं नाव सांगत नाही. नाव सांगितलं की तुम्हीही मत देणार, आणि न पाहता मत देणाऱ्यांची आमच्याकडे आधीच दाटी झाली आहे. एवढं सांगतो की नाटक नवं आहे, दीड तासाचं आहे आणि पात्रं दोनच, नवरा आणि बायको. नवरा दीड तास बोलतो. बायको दीड तास ताटात तुरीची डाळ निवडते. शेवटी ती ताट खाली ठेवते, उठते आणि दार उघडून निघून जाते. पडदा. मध्यंतर नाही.

नाटक देवळीला येत नाही, देवळीनं नाटकाकडे जायचं असतं. रेल्वेसुद्धा आमच्याकडे २०२४ साली आली, तीही वर्ध्याहून निघून कळंबला जाऊन थांबणारी. नाटकाची लाइन अजून मंजूर व्हायची आहे. म्हणून गावातल्या हौशी मंडळींनी एक टेम्पो ट्रॅव्हलर ठरवली आणि नागपूर गाठलं. मला नेमका त्या दिवशी ताप. त्यामुळे मी वाचलो की मुकलो, हे मला इतरांकडून समजून घ्यायचं होतं.

जाताना गाडीत चिवड्याची पिशवी शेवटच्या बाकापर्यंत फिरली, अंताक्षरी झाली. येताना बुटीबोरीच्या आतच दोन पक्ष पडले. सेलूपर्यंत आवाज इतके चढले की ड्रायव्हरनं गाडी बाजूला घेऊन विचारलं, "कोणाले मारलं काय नाटकात?" कोणालाही मारलं नव्हतं, हीच तर एका पक्षाची तक्रार होती. पवनारला, धाम नदीच्या पुलावर, म्हणे दोन मिनिटं शांतता पसरली. विनोबांच्या आश्रमाचा मान राखला असेल, नाहीतर घसे बसले असतील. रात्री दोनला मंडळी देवळीत उतरली ती एकमेकांना "येतो" न म्हणता. चिवड्याची रिकामी पिशवी कोणाची, यावरही एकमत झालं नाही.

सकाळी बसस्टँडसमोर तर्री-पोह्याच्या गाडीवर मला पहिला प्रेक्षक सापडला. कापडाचे व्यापारी. दुकानात गिऱ्हाइकाला चाळीस साड्या दाखवून एकही न खपल्यावर होतो तसा चेहरा.

"कसं होतं नाटक?"

"बेकार ना भाऊ. दीड घंटा बाई डाळ निवडून राह्यली अन् तो माणूस बोलून राह्यला. काही घडतच नाही."

"मग मी जाऊ नको?"

"जा ना! मले एकट्यालेच काहून तरास?"

त्याच दिवशी बाजारात त्यांच्या पत्नी भेटल्या. वांगी निवडत होत्या. मी म्हटलं, "वहिनी, नाटकात काही घडतच नाही म्हणे?"

"कोण म्हणते?"

"भाऊसाहेब."

"बरोबर आहे त्यायचं," एक वांगं उलटंपालटं करून परत ठेवत त्या म्हणाल्या. "आमच्या घरात एकोणतीस वर्षं झाली, त्यायच्यासमोर कधी काही घडलंच नाही."

मी वांगी न घेता घरी आलो.

आता तुम्हाला वाटेल की पुरुष एका बाजूला आणि बायका दुसऱ्या बाजूला असा सरळ हिशेब असणार. मलाही तसंच वाटलं होतं, तेवढ्यात भिशी फुटल्याची बातमी आली. बायकांमधल्या दोघी चक्क नाटकातल्या नवऱ्याच्या बाजूनं उभ्या राहिल्या. "बिचारा दीड घंटा बोलला, अन् ह्या बाईनं एक 'हं' म्हणू नये?" असा त्यांचा मुद्दा. चौकशी केल्यावर कळलं की या दोघींचे नवरे घरी तोंडच उघडत नाहीत. एकीचे तर जेवताना मीठ हवं असलं तरी बोट दाखवतात. तिला तो बोलणारा नवरा पाहून भरून आलं. भिशीचा तो महिना कोणाच्याच घरी झाला नाही. पैसे मात्र वेळेवर गोळा झाले.

या सगळ्यात मला पटलेलं परीक्षण एकच होतं, ते आमच्या शेजारच्या आजींचं. घरी एकटीला कसं ठेवायचं म्हणून त्यांना गाडीत घातलं होतं. त्यांना दिसतं कमी, पण पहिल्या रांगेत बसवल्यामुळे त्यांनी दीड तास फक्त ताटावर नजर ठेवली होती.

"खडा निघाला नाही एकही," आजी म्हणाल्या.

"कशात?"

"डाळीत. दीड घंटा निवडून राह्यली ते, अन् एक खडा निघू नये? निवडलेलीच डाळ होती बाप्पा. लोकाईले फसवते. अन् पाखडली कुठं तिनं? आधी पाखडा लागते, मंग निवडा लागते. तिच्या मायनं काही शिकवलंच नाही."

"पण शेवटी ती घर सोडून जाते ना, आजी?"

"मंग? डाळ तशीच ठेवून गेली. वरण कोण टाकणार?"

दिग्दर्शकानं या नाटकावर कितीही अभ्यास केला असला तरी वरण कोण टाकणार, या प्रश्नाचं उत्तर त्याच्यापाशी असेल असं मला वाटत नाही. जाता जाता सांगतो, नाटकातल्या नवऱ्याचं नाव, त्याचं काम, तो काय काय बोलला, यातलं आजींना काही आठवत नव्हतं. "तो होता काय?" असं त्यांनी मला विचारलं.

पुढच्या काही दिवसांत मला एक गोष्ट लक्षात आली. ज्यांनी स्वतःच्या खिशातून तिकीट काढलं होतं त्यांना नाटक खोल वाटलं. ज्यांना कोणाच्या तरी ओळखीनं पास मिळाले होते त्यांना ते टुकार वाटलं, आणि "असल्या नाटकाले लोकं पैसे कसे देतात" हा त्यांचा सवाल होता. सर्वांत चिडलेले होते ते पास मिळूनही तिसऱ्या रांगेत बसावं लागलेले. ज्यांनी पाहिलंच नव्हतं त्यांच्या मतात मात्र कसलीही गडबड नव्हती. आमचे केस कापणारे भाऊ कानामागून वस्तरा फिरवत म्हणाले, "मी नाही पाह्यलं. पण पाहून आलेल्या समद्यायचे डोके माह्याच हातात असते नं. थंडगार आहेत. आत काही गेलेलं नाही." मानेवर वस्तरा असताना मी वाद घालत नसतो.

शेवटी मी वाचनालयात निवृत्त गुरुजींकडे गेलो. त्यांनीही नाटक पाहिलं नव्हतं, पण त्यांनी त्याआधीची सगळी पाहिली होती, निदान वाचली होती. "बसा," ते म्हणाले. गुरुजींनी बसा म्हटलं की माणूस वर्तमानकाळातून उठतो.

"कीचकवध," ते म्हणाले. "खाडिलकर. साल १९०७. नाटक महाभारतातलं. रंगमंचावर कोणी एकदाही लॉर्ड कर्झनचं नाव घेत नाही. पण कीचक आला की पिटातल्या शेवटच्या माणसाला कळायचं, हा कर्झन. सरकारला कळून बंदी यायला १९१० साल उजाडलं."

"तीन वर्षं?"

"सरकार होतं ते. तुमच्या गाडीतल्या नवऱ्यांना तर पहिल्या दहा मिनिटांत कळलं."

मग त्यांनी एकच प्याला काढला. त्याचा पहिला प्रयोग व्हायच्या आधीच, १९१९ च्या जानेवारीत, राम गणेश गडकरी आपल्या विदर्भातच, सावनेरला गेले, हे सांगताना गुरुजींचा आवाज जड झाला. नाटकानं समाज सुधारतो का, असं मी विचारलं. "सुधारतो, पण सवडीनं," ते म्हणाले. "सुधाकरानं १९१९ साली पेला उचलला, आपल्या जिल्ह्यात दारूबंदी १९७४ साली आली. पंचावन्न वर्षं." ती बंदी कितपत लागू पडली हे मी विचारलं नाही. त्यावरही देवळीत दोन पक्ष आहेत, आणि एका पक्षाची बैठक रोज संध्याकाळी असते.

मला जास्त आवडली ती गिधाडेची गोष्ट. तेंडुलकरांचं नाटक, १९७०, दिग्दर्शक श्रीराम लागू. त्यात एका पात्राच्या लुगड्यावर रक्ताचा लाल डाग होता, त्याला सेन्सॉरनं हरकत घेतली. मंडळींनी डाग निळा केला आणि प्रयोगाआधी जाहीर करून टाकलं की प्रेक्षकांनी हा निळा डाग लाल समजावा. ही गोष्ट मी पोह्याच्या गाडीवर सांगितली तेव्हा व्यापारीभाऊ एकदम खुलले. "मंग इथंबी सांगायचं होतं ना पडद्याआधी! 'या नाटकात काही घडत नाही, तरी घडलं असं समजावं.' मी समजलो असतो. मले काय, दुकानात रोज समजाच लागते."

घाशीराम कोतवाल तर गुरुजींना पाठच होतं. १६ डिसेंबर १९७२ ला पुण्यात पहिला प्रयोग, जब्बार पटेल दिग्दर्शक; एकोणीस प्रयोग झाले आणि प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनच्या अध्यक्षांनी, भालबा केळकरांनी, आपल्याच संस्थेचं नाटक थांबवलं. पेशवाईतल्या नाना फडणविसांवरून वाद झाला होता. मग तरुण मंडळी बाहेर पडली आणि १९७३ साली थिएटर ॲकॅडमी उभी राहिली, नाटक पुन्हा सुरू झालं, पुढे १९८० साली युरोपला गेलं. "मतभेदातून संस्था जन्मतात," गुरुजी म्हणाले.

त्याच रात्री आमच्याकडे एक संस्था जन्मली. 'नाट्यरसिक' नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप होता, त्यातून 'खरे नाट्यरसिक' हा फुटून निघाला. दोन्हीकडे मी आहे. दोन्हीकडे सकाळी तेच गुलाबाचं फूल येतं. वर्धा जिल्ह्याला दोन मांडवांची सवय जुनीच म्हणा. २०२३ च्या फेब्रुवारीत वर्ध्यात अखिल भारतीय साहित्य संमेलन भरलं तेव्हा विद्रोही संमेलनही त्याच गावात, त्याच दिवसांत भरलं होतं, आणि अनेक रसिक एका मांडवात भाषण ऐकून दुसऱ्यात टाळ्या वाजवून आले. पण त्या मांडवांमध्ये निदान विचारांचा फरक होता. आमच्या दोन ग्रुपांमधला फरक इतकाच की एकात ॲडमिन मोठा साडू आहे आणि दुसऱ्यात धाकटा.

या साडूंचं प्रकरण वेगळंच. धाकट्यानं ग्रुपवर लिहिलं की नाटकातला नवरा म्हणजे हुबेहूब आपले एक नातेवाईक. नाव घेतलं नाही. मोठ्यानं विचारलं, कोण? धाकटा म्हणाला, ज्याला समजायचं त्याला समजलं. विदर्भात ही परंपराच आहे. महेश एलकुंचवारांचं वाडा चिरेबंदी पाहून आलेली कितीतरी घरं मला माहीत आहेत. एलकुंचवार मूळचे यवतमाळ जिल्ह्यातल्या पारव्याचे, म्हणजे आमच्याच रस्त्यावर पुढे. त्या नाटकात पडका वाडा आहे, अंगणात बंद पडलेला ट्रॅक्टर आहे, वाटणीवरून धुमसणारी भावंडं आहेत. आमच्याकडच्या एका वाड्यातले दोन भाऊ ते पाहून आले. थोरला म्हणाला, अगदी आपलंच घर दाखवलं. धाकटाही म्हणाला, अगदी आपलंच. इतकं एकमत त्यांच्यात सातबारा वेगळा झाल्यापासून झालं नव्हतं. मग कोणतं पात्र कोण, यावर बोलणं सुरू झालं, आणि दोघांनीही वाईटपणा दुसऱ्याच्या वाट्याला देऊन टाकला. वाटणी जशी आधी झाली होती तशीच, असमान.

माझा मूळ प्रश्न तसाच होता. तेवढ्यात ब्रह्मपुरीचे व्याही दोन दिवसांसाठी आले. ते झाडीपट्टीतले. तिकडे दिवाळी झाली, धान निघालं, शंकरपट किंवा मंडई भरली की रात्री नाटक ठरलेलं. वडशाच्या कंपन्या येतात, लोक चटया, घोंगड्या, पोरंबाळं घेऊन बसतात, रात्री पडदा उघडतो आणि पहाटे पडतो. मी त्यांना डाळीचं सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं,

"किती वेळ चालते?"

"दीड तास."

"दीड तास? मंग उरलेल्या रातीचं का करतेत?"

"घरी जातात."

"अन् पैसे?"

"पूर्ण."

व्याह्यांनी डोक्याला हात लावला. माझी बाजू पडेल म्हणून मी घाईघाईनं सांगितलं की एलकुंचवारांच्या वाड्याचे तीनही भाग, वाडा चिरेबंदी, मग्न तळ्याकाठी आणि युगान्त, चंद्रकांत कुलकर्णींनी १९९४ साली एकापाठोपाठ एक केले होते, तब्बल नऊ तास. व्याही सावरून बसले. "हं," ते म्हणाले, "हे झालं नाटक. लेखक शिकलेला दिसते." नंतर दोन दिवस ते त्या नऊ तासांबद्दलच बोलत होते. त्यात विषय काय होता, हे त्यांनी विचारलं नाही.

अखेर नाटकच वर्ध्याला आलं. आता कोणाला विचारायची गरज नव्हती. बायकोला मागं बसवून स्कूटर काढली आणि आम्ही निघालो. सभागृह कोणतं ते सोडा. पंखे होते, त्यातले चालू होते ते फार आवाज करत होते, आणि जे आवाज करत नव्हते ते चालू नव्हते. पडदा उघडला. नवरा बोलू लागला, बायको डाळ निवडू लागली. पाचव्या मिनिटाला मागून ओरड झाली, "आवाज! बाईचा आवाज येऊन नाही राह्यला!" ध्वनियंत्रणेवरच्या पोरानं लगबगीनं आवाज वाढवला. बाईचा नाही आला, पण माइकनं अशी शीळ घातली की पुढच्या रांगेतलं तान्हं मूल उठलं आणि त्यानं नाटकातली पहिली स्पष्ट प्रतिक्रिया दिली.

माझ्या शेजारच्या गृहस्थांचा फोन वाजला. त्यांनी तो घेतला. "हाव, नाटकात आहो. नाही, काही नाही, बोल तू. बाई डाळ निवडून राह्यली. कापसाचं काय म्हणते? ... किती? ... थांब मंग, उद्या नको नेऊ." पुढच्या दोन रांगांतल्या माना वळल्या. मला वाटलं आता त्यांना कोणी झापणार. एकानं हळूच विचारलं, "किती म्हणते भाव?"

मग लाइट गेली. मिट्ट काळोख. नवरा मात्र अंधारात बोलतच राहिला, कारण त्याचं पाठांतर झालेलं होतं. प्रेक्षकांना वाटलं हा नाटकातलाच भाग; कोणीतरी "वाहवा!" केलं, टाळ्या पडल्या, एक जाणकार बायकोला समजावून सांगू लागले की हा काळोख म्हणजे संसार. लाइट आली तेव्हा रंगमंचावर ताट होतं आणि बाई नव्हती. ती अंधारातच निघून गेली होती की अजून वेळ होता, हे नवऱ्यालाही कळेना. तो क्षणभर थांबून विंगेत बघू लागला. ती परत आली, बसली आणि उरलेली डाळ निवडू लागली. संपूर्ण नाटकात तो एकच क्षण असा होता की सभागृहातला प्रत्येक नवरा श्वास रोखून बसला होता.

सुटल्यावर मी फार प्रसन्न होतो. इतके दिवस दुसऱ्यांची मतं ऐकून कान किटले होते. आता माझ्यापाशी स्वतःचं होतं. सावंगीचा फाटा येईपर्यंत मी बायकोला नाटकाची रचना समजावली. त्यापुढे संवादांतला फापटपसारा घेतला. सालोडला एक टपरी उघडी दिसली, तिथं चहा घेतला, आलूबोंडे घेतले, आणि तिथून पुढं मी बाईच्या भूमिकेवर आलो. तिचं न बोलणं नाटककाराला नीट सिद्ध करता आलेलं नाही, न बोलणारी बाई एवढा वेळ दाखवायची तर तिच्या मनात काय चाललंय ते कुठंतरी कळायला हवं, असं माझं म्हणणं होतं, आणि ते मी उदाहरणांसहित देवळीची वेस येईपर्यंत मांडलं. बायकोनं कुठंही विरोध केला नाही. याचा अर्थ तिला पटलं असणार.

सकाळी मी दाढी करत होतो. अंगणात व्यापारीभाऊंच्या पत्नी आल्या होत्या, तांदूळ द्यायला की ताट परत करायला, काहीतरी निमित्त होतं. आवाज आत ऐकू येत होता.

"पाह्यलं का मंग नाटक?"

"पाह्यलं. दोनदा पाह्यलं."

"दोनदा? वर्ध्याले तं एकच प्रयोग होता."

"एक वर्ध्याले झाला, दुसरा स्कूटरवर."

बाहेर बराच वेळ हसणं चाललं. मग व्यापारीभाऊंच्या पत्नींनी विचारलं, "दुसरा कसा होता वो?"

"पह्यल्यापेक्षा बरा," बायको म्हणाली. "सालोडले मध्यंतर होतं. आलूबोंडा भेटला."